हे बोलणे नेमके कोणासाठी? समकालीन एकांकिका आणि एकलनाट्यांच्या आस्वादाविषयी

तापीकाठ (जळगाव)

गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही सात-आठ जण दर पंधरा दिवसांनी एका मित्राच्या गच्चीवर जमतो आणि एखादी छोटी संहिता मोठ्याने वाचतो. जळगावच्या उन्हाने तापलेली गच्ची रात्री साडेआठच्या आत बसण्याजोगी होत नाही, आणि सगळ्यांना सकाळी कामावर जायचे असल्यामुळे दहाच्या पुढे थांबता येत नाही. त्यामुळे दीड तासात वाचून आणि बोलून होईल असेच लेखन निवडावे लागते. पूर्ण लांबीचे नाटक त्यात मावत नाही. या अडचणीपोटी आम्ही एकांकिका, नाट्यछटा आणि एकट्या नटासाठी लिहिलेल्या संहितांकडे वळलो. आता मात्र वेळ हाताशी असला तरी मला आधी या छोट्या संहिताच वाचाव्याशा वाटतात.

एकांकिका पाहून बाहेर पडल्यावर आपण बहुधा तीनच गोष्टी बोलतो: विषय चांगला होता, कामे चांगली झाली, शेवट अंगावर आला. एवढ्यावर थांबले तर लेखकाने काय केले ते हाती लागत नाही. गच्चीवरच्या वाचनात आम्हाला एक प्रश्न फार उपयोगी पडला. हे पात्र जे बोलते आहे ते कोणाला सांगते आहे, आणि तो ऐकणारा रंगमंचावर आहे की नाही? छोट्या नाटकात लेखकाजवळ माणसाचा सगळा भूतकाळ मांडायला जागा नसते. तो भूतकाळ बोलणारा आणि ऐकणारा यांच्या नात्यातून कळावा लागतो, आणि ज्या लेखकाला हे साधते त्याची वीस मिनिटे पुष्कळदा तीन अंकांना पुरून उरतात.

आपल्या भाषेत हे तंत्र जुने आहे. दिवाकर, म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे (१८८९–१९३१), यांनी ५१ नाट्यछटा लिहिल्या. ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या नाट्यात्म स्वगतांवरून त्यांना हा प्रकार सुचला, परंतु त्यातली माणसे पूर्णपणे इथल्या घरांतली आहेत. नाट्यछटेत बोलतो एकच माणूस. समोरचे काय म्हणाले ते आपल्याला त्याच्या थांबण्यावरून, अडखळण्यावरून आणि पुन्हा सुरुवात करण्यावरून ओळखावे लागते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाठ करून म्हणायचा प्रकार अशी तिची ओळख उरल्याचे मला वाईट वाटते, कारण मोठ्या वयात वाचताना त्या मोकळ्या जागा फार बोलक्या वाटतात.

दुसरे उदाहरण विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मधले. ते पूर्ण नाटक असले तरी बेणारेबाईंचे शेवटचे स्वगत स्वतंत्रपणे वाचावे इतके भरीव आहे. नाटकातल्या मंडळींनी खेळ म्हणून मांडलेल्या खोट्या न्यायालयात बेणारेबाई आरोपी असतात. तिथे आरोपीला बोलण्यासाठी १० सेकंद दिले जातात, इतर पात्रे गोठलेली असतात, आणि ती मात्र कितीतरी वेळ आपले सगळे आयुष्य बोलत राहते. म्हणजे खोलीत माणसे भरलेली असूनही ऐकणारे कोणी नाही. ऐकणारे फक्त आपण, आणि आपण काहीही करू शकत नाही. तेंडुलकरांनी प्रेक्षकाला त्या जागी नेऊन बसवले आहे, आणि ते स्वगत इतके जिव्हारी लागते त्याचे बरेचसे श्रेय मी या बसवण्याला देतो.

समकालीनांकडे यायचे तर आपल्या शेजारच्या नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांची ‘देवबाभळी’ घ्यावी. ती आधी एकांकिका होती. पुढे तिचे दोन अंकी ‘संगीत देवबाभळी’ झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये भद्रकाली प्रॉडक्शनने ते व्यावसायिक रंगभूमीवर आणले. तुकोबांसाठी डोंगरावर भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो, आणि तिची सेवा करायला रुक्मिणी लखुबाई होऊन तिच्या घरी येते. दोनच स्त्रिया. तुकोबा रंगमंचावर येत नाहीत, विठ्ठलही येत नाही. दोघी एकमेकींशी बोलत असतात खऱ्या, पण त्यांचे पुष्कळसे बोलणे त्या घरी नसलेल्या दोन पुरुषांना उद्देशून आहे, आणि ते समोरच्या बाईच्या कानावर पडते आहे. एका स्त्रीची तक्रार दुसरीच्या कानावर पडते आणि ती ऐकताना दुसरीला स्वतःची तक्रार ओळखू येते, असा हा बांधकामाचा कस आहे. आम्ही त्यातले प्रवेश वाचले तेव्हा आवलीचे संवाद वाचणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी मध्येच थांबून विचारले, “हे मी लखुबाईकडे पाहून म्हणू की दाराकडे पाहून?” त्या रात्रीचा उरलेला सगळा वेळ याच प्रश्नावर गेला आणि तो सत्कारणी लागला.

परदेशातले एक उदाहरण देऊन थांबतो. ब्रिटिश नाटककार कॅरिल चर्चिल यांचे ‘सेव्हन ज्यूइश चिल्ड्रन’ हे २००९ सालचे नाटक जेमतेम दहा मिनिटांचे आहे. सात प्रसंगांत घरातली मोठी माणसे आपापसांत ठरवत असतात, की लहान मुलीला काय सांगावे आणि काय सांगू नये. जवळजवळ प्रत्येक ओळ “तिला सांगा” किंवा “तिला सांगू नका” अशी सुरू होते. मुलगी एकदाही दिसत नाही. कोणती ओळ कोणी म्हणायची हेही लेखिकेने ठरवून दिलेले नाही. जिला ऐकवायचे तिलाच नाटकाबाहेर ठेवून दहा मिनिटांत ज्यूंचा आणि इस्रायलचा एवढा मोठा इतिहास पेलता येतो, हे वाचल्यावर आम्ही बराच वेळ कोणीच काही बोललो नाही.

आपल्याकडे वाचलेल्या, पाहिलेल्या किंवा केलेल्या छोट्या नाटकांविषयी या अंगाने कोणाला लिहावेसे वाटले तर मला फार आनंद होईल.

दुसरी विंग (भुसावळ)

तापीकाठ दादा, तुमचा प्रश्न मला पंधरा वर्षे मागे घेऊन गेला. महाविद्यालयात असताना मी चार वर्षे एकांकिका केल्या. आपल्याकडे ज्याला नाटकाचे वेड लागते त्याला ते बहुधा स्पर्धेतूनच लागते. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून सुरू आहे, राज्य नाट्य स्पर्धा त्याहूनही जुनी, १९५४ ची, विद्यापीठाचा ‘युवारंग’ हा युवक महोत्सव तर आपल्या घरचाच. आणि वर्षभरातल्या विजेत्या एकांकिका २५ जानेवारीच्या रात्री मुंबईत ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेसाठी रात्रभर होतात हे ऐकून आम्ही ते स्वप्न उशाशी घेऊन झोपत असू. या स्पर्धा नसत्या तर आमच्यासारख्या रेल्वे वसाहतीतल्या मुलांना संहिता म्हणजे काय हे कळलेच नसते. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते कृतज्ञ राहूनच लिहितो आहे.

आमच्याच एका मित्राने एक संहिता लिहिली होती. कापूस विकायला आणलेला एक शेतकरी जिनिंगच्या आवाराबाहेर लागलेल्या रांगेत गाडीवरच रात्र काढतो आहे आणि शहरात शिकणाऱ्या मुलीशी मोबाइलवर बोलतो आहे. मुलीचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. तिला फीसाठी पैसे हवे आहेत हे फक्त बापाच्या उत्तरांवरून कळते, आणि भाव काय निघाला हे तो तिच्यापासून लपवतो आहे, हेही. मूळ संहितेत शेवटी फोन तुटतो, ते त्याला कळते, तरीही तो फोन कानाला तसाच धरून बोलत राहतो आणि प्रकाश हळूहळू उतरतो.

प्राथमिक फेरीनंतर आम्हाला सल्ला मिळाला की शेवट चढत नाही, तो चढवा. आम्ही तो चढवला. बापाच्या हातात कीटकनाशकाची बाटली दिली, पार्श्वसंगीत वाढवले, झटक्यात ब्लॅकआउट घेतला. बक्षीस मिळाले. प्रेक्षागृहात हुंदके ऐकू आले. लेखक मित्र मात्र त्या रात्री आमच्याबरोबर जेवायला आला नाही, आणि त्याला काय टोचत होते हे मला आज, तुमचे लिखाण वाचताना, नीट उमगते आहे. बाटली रंगमंचावर आल्याबरोबर सगळ्यांचे डोळे तिच्याकडे गेले आणि फोनच्या पलीकडची मुलगी नाटकातून पुसली गेली. तोपर्यंत प्रेक्षक त्या मुलीच्या जागी बसून बापाचे खोटे ऐकत होता. बाटली दिसताच तो बाहेर येऊन एका आत्महत्येकडे पाहू लागला. त्या मित्राने पुन्हा नाटक लिहिले नाही. मूळ संहितेची वही माझ्याकडे आहे, आणि त्याची परवानगी मिळाली तर ती तुमच्या गच्चीवर वाचायला आणीन.

आखाजी (शिरपूर)

मी नाटकातली नाही, शाळेत मराठी शिकवते. पण ऐकणारा समोर नसताना बोलणे हा प्रकार मी रंगमंचाच्या फार आधी, अंगणात पाहिला आहे.

माझ्या आजीचा भाऊ वारला तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची होते. आमच्याकडे बाया मयताला नुसत्या रडत नाहीत, बोलत रडतात. आजी भावाच्या उशाशी बसून त्याच्याशी बोलत होती. त्याने लहानपणी केलेल्या खोड्या, तिच्या लग्नात त्याने धरलेला रुसवा, वहिनीविषयीची एक जुनी कुरबूर, सगळे त्यालाच सांगत होती आणि मध्येच त्याच्या उत्तरासाठी थांबावे तशी थांबत होती. एक वाक्य ती पुन:पुन्हा म्हणे: “भाऊ रे, आते आखाजीले माले लेवाले कोन यी?” अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, लेकीबाळी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. साठी ओलांडलेल्या बाईचे माहेर त्या एका वाक्यात संपले होते. वहिनी तिथेच बसलेली होती आणि ती कुरबूर तिच्याही कानावर पडत होती. मेलेल्याला सांगता सांगता जिवंत माणसाला ऐकवणे ही त्या विलापातली जुनी रीत आहे, आणि तुम्ही ‘देवबाभळी’विषयी जे लिहिले आहे ते वाचताना मला ती वहिनी आठवली.

यावरूनच मला भाषेविषयी एक म्हणायचे आहे. आपल्या भागात मी पाहिलेल्या एकांकिकांत अहिराणी बहुधा गड्याच्या, चहावाल्याच्या किंवा हशा पिकवणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी असते. प्रसंग गंभीर झाला की तेच पात्र प्रमाण मराठीत बोलू लागते, जणू दुःख करायचे तर ते पुस्तकी भाषेतच करायला हवे. वास्तविक आपण भाषा बदलतो ती ऐकणारा पाहून. तलाठ्याशी एक भाषा, सासऱ्याशी दुसरी, बैलाशी तिसरी, आणि कोणीच ऐकत नाही अशी खात्री असली की चौथी. एकट्या पात्राने बोलता बोलता ‘आहे’वरून ‘शे’वर यावे, ‘मला’चे ‘माले’ व्हावे, एवढ्याने तो आता कोणाशी बोलू लागला हे प्रेक्षकाला कळू शकते. त्यासाठी प्रकाश बदलावा लागत नाही. समकालीन लेखकांनी या बदलाचा उपयोग अंतर्मनाची खूण म्हणून करावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. तापी-पांझरेच्या काठी अहिराणी, पूर्वेकडे तावडी आणि लेवा गणबोली, सातपुड्यात भिली आणि पावरी, इतके सूर ज्या मुलखात आहेत तिथल्या छोट्या नाटकाला साधनांची वाण पडू नये.

सातपुडा (शहादा)

चर्चा आवडली, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. ऐकणारा कोण हा प्रश्न स्वगताला चपखल बसतो. सगळ्या एकांकिका त्याने उघडत नाहीत. महेश एलकुंचवारांची ‘होळी’ पाहा. होळीची सुट्टी नाकारली म्हणून बिथरलेली वसतिगृहातली मुले आणि त्यांच्यातल्याच एकाची त्यांनी केलेली शिकार असा तो विषय आहे. केतन मेहता यांनी १९८४ मध्ये त्यावर चित्रपटही केला. तिथे कोणी कोणाला काही सांगत नाही. सगळे एकमेकांवर शब्द फेकत असतात आणि त्या गोंगाटातूनच हिंसा वाढत जाते. तिचा आस्वाद घ्यायचा तर संवादांची गती, कोण कोणाचे वाक्य तोडतो, गट कोणत्या क्षणी एका मुलाभोवती आवळला जातो हे पाहावे लागते. ती संहिता गच्चीवर खुर्च्यांत बसून वाचली तर तिचे निम्मे बळ हातातून निसटेल, असे मला अनुभवाने वाटते. आम्ही ती मुलांकडून उभ्याने, पाठांतर न करता, धावपळीसकट वाचून घेतली तेव्हाच ती आम्हाला कळली.

प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’ (१९७७) या अस्पृश्यतेवरच्या एकांकिकेचेही असेच आहे. तिला नेपथ्य लागत नाही, दोन नट पुरतात, वर्गातला फळा सरकवला की प्रयोग होतो. तिच्यातल्या तहानेला शब्दांइतकीच कोरडी पडलेली जीभ आणि रिकामी ओंजळ लागते. आमच्या एका विद्यार्थ्याने तालमीत खरोखर दोन तास पाणी न पिता प्रवेश केला. मी त्याला तसे करू दिले नसते तर बरे, कारण अभिनयाला खऱ्या तहानेची गरज नसते; पण त्या दिवशी पाहणाऱ्या मुलांपैकी एकानेही आपल्या बाटलीला हात लावला नाही, हेही तितकेच खरे.

तापीकाठ (जळगाव)

सातपुडा सर, आपले म्हणणे मान्य आहे. ‘होळी’ आम्ही बसूनच वाचली होती आणि ती आम्हाला सपाट वाटली होती. दोष वाचण्याच्या पद्धतीचा होता हे आता कळते. ‘घोटभर पाणी’विषयी मात्र मला किंचित वेगळे सुचते. पाणी मागणारा कोणाकडे तरी पाहून मागतो आणि देणारा तोंड फिरवतो, तेव्हा तिथेही न ऐकणारा कोणीतरी असतोच.

आखाजी ताई, आपल्या आजींचे वाक्य मी आमच्या मंडळींना वाचून दाखवले आहे.

कळण्याची भाकरी (चोपडा)

एकट्या नटाच्या नाटकाबद्दल बोलताना आपण दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच ‘एकपात्री’ या शब्दात कोंबतो, म्हणून थोडे लिहिते.

लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे ५२ पात्रे उभी करीत. तिथे आनंद आहे तो एका देहातून गाव उभे राहण्याचा. बाईचा पदर, म्हाताऱ्याची कंबर, पोराचा हेका क्षणात पालटतो आणि आपण नटाच्या कसबावर खूश होतो. सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’मध्ये मात्र एकच बाई आपल्याशी थेट बोलते. प्रेक्षक ही तिथे अंधारातली गर्दी राहत नाही. सावित्रीबाईंनी जिला शिकवले तिची पणती समोर बसली आहे असे ते बोलणे असते. पहिल्या प्रकारात नट अनेक होतो, दुसऱ्यात प्रेक्षक कोणीतरी होतो. या दोहोंना एकाच मापाने गुण देणे मला अन्यायाचे वाटते.

आता जळगावचे. ‘परिवर्तन’ या संस्थेने केलेले ‘नली’ हे एकलनाट्य श्रीकांत देशमुख यांच्या लेखनावरून शंभू पाटील यांनी रूपांतरित केले आणि हर्षल पाटील ते सादर करतात. नाव नलीचे, आणि रंगमंचावर एकटा पुरुष. गावातल्या एका मुलीचे आयुष्य आपल्याला कळते ते तिला पाहिलेल्या माणसाकडून. यातली अवघड गोष्ट अशी, की नटाला नली ‘करून दाखवण्याचा’ मोह सतत होणार. तो मोह जिथे आवरला जातो आणि नट फक्त आठवत राहतो, तिथे नली मला सर्वांत स्पष्ट दिसली. पुरुषाने बाईचे दुःख सांगण्यात जो संकोच हवा तो त्या आवरण्यात होता. माझ्या शेजारी बसलेल्या मावशी प्रयोग संपल्यावर उठेनात. त्यांनी मला त्यांच्या गावातल्या एका मुलीचे नाव सांगितले, एवढेच, बाकी काही सांगितले नाही.

तापीकाठ दादांच्या प्रश्नाला उलट बाजूने भिडणारे एक नाटक वाचकांना सुचवते. इराणचे नसीम सुलेमानपूर यांनी ‘व्हाइट रॅबिट, रेड रॅबिट’ लिहिले तेव्हा त्यांनी सक्तीची लष्करी सेवा नाकारलेली असल्यामुळे त्यांना पासपोर्ट मिळत नव्हता. म्हणून त्यांनी स्वतः न जाता नाटक पाठवले. दिग्दर्शक नाही, तालीम नाही. दर प्रयोगाला नवा नट, आणि त्याला संहितेचे बंद पाकीट रंगमंचावरच उघडायचे. २०११ पासून ते जगभर होते आहे. तिथे ऐकणारे सगळे हजर असतात, गैरहजर असतो तो बोलणारा. नट म्हणजे त्याचा उसना आवाज.

दुसरी विंग (भुसावळ)

मित्राशी बोलणे झाले. परवानगी दिली आहे, फक्त मूळ शेवटच वाचायचा ही अट घालून. बापाचे संवाद अहिराणीत करून वाचले तर चालेल का, असे मी आखाजी ताईंचे लिखाण वाचल्यावर त्याला विचारले. त्याने सांगितले की पहिल्या खर्ड्यात ते तसेच होते. स्पर्धेत कळणार नाहीत या भीतीने आम्हीच ते त्याला बदलायला लावले होते. हे मी विसरलो होतो. तो पहिला खर्डा त्याच्या गावाकडच्या घरी आहे आणि दिवाळीला गेला की शोधून देणार आहे.

तापीकाठ (जळगाव)

मग दिवाळीपर्यंत थांबू. तोवर येत्या बैठकीत दिवाकरांच्या दोन नाट्यछटा घेतो आहोत, आणि आखाजी ताईंच्या सुचवण्यावरून त्यांतली एक आमच्या सहकारी बाई अहिराणीत उतरवत आहेत. काल तालमीसारखे वाचून पाहिले. न दिसणाऱ्या माणसासाठी समोर एक रिकामी खुर्ची ठेवावी असा माझा आग्रह होता. त्यांनी ती दोनदा वापरली आणि तिसऱ्या वेळी उचलून भिंतीला लावली. खुर्ची असली की आपण खुर्चीशी बोलतो, त्या म्हणाल्या. मग जिन्याच्या दाराकडे तोंड करून त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, आणि आमच्यातल्या दोघांनी कोणी आले का म्हणून वळून पाहिले.